नातवंडाची वार, आजोबांचे गुडघे आणि ८५ हजार रुपये

पत्रातली गोष्ट थोडक्यात अशी. इंदूरचे एक वाचक, वय ६८, बँकेतून निवृत्त. लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली आहे, आठवा महिना चालू आहे. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये भेटलेला एक तरुण प्रतिनिधी पुढच्याच आठवड्यात घरी येऊन बसला. नाळेतलं रक्त, नाळेचा तुकडा आणि वार (प्लॅसेंटा) अशा तिन्हींचं ‘कंप्लीट’ पॅकेज, ७५ वर्षांसाठी ८५ हजार, हप्त्यांची सोय. ‘वार टाकून देता म्हणजे सोनं टाकून देता,’ असं तो म्हणाला. यांतल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडू शकतात त्या मूळ पेशी, पुढे हृदय, मेंदू, मधुमेह सगळ्यावर चालतील, आजी-आजोबांनाही चालतील, असंही म्हणाला. वाचकांचे स्वतःचे गुडघे दुखतात आणि शहरातल्या एका क्लिनिकने प्लॅसेंटाच्या स्टेम सेलचं इंजेक्शन एका गुडघ्याला दीड लाख सांगितलं आहे. घरात मतं अनेक. पत्नीला वार घरी आणून रीतीप्रमाणे पुरायची आहे. जावई फोनवर म्हणतात, ‘बाबा, तुम्हीच ठरवा.’ लेक म्हणते, ‘बघू.’ पाच हजार टोकन देऊन झालं आहे. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय: ‘उद्या नातवंडाला काही झालं आणि आपण पैसे वाचवले म्हणून इलाज हुकला, तर मी लेकीला काय तोंड दाखवू?’

नमस्कार काका,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं पत्र त्याच्यावरच उभं आहे. ‘इलाज हुकला तर?’ या भीतीला मी हसणार नाही. पण त्या एका वाक्यात दोन गृहीतकं खेटून बसली आहेत. एक, वारेतल्या पेशींपासून उद्या मोठे इलाज निघतील. दुसरं, ते निघाले की तुमच्या नातवंडाला स्वतःच्याच वारेतल्या पेशी लागतील. पहिलं खरं ठरू शकतं. दुसऱ्याला आधार नाही. उलट या विषयातलं जे संशोधन खरोखर माणसांपर्यंत पोचलंय, ते नेमकं दुसऱ्या दिशेने गेलंय. तुमचा प्रतिनिधी पहिल्याबद्दल बोलतो आणि पैसे दुसऱ्याचे घेतो. मेख तिथे आहे.

तुम्ही बँकेत आयुष्य काढलंय, कागद वाचायची सवय आहे, म्हणून जरा खोलात जाते.

पूर्ण दिवसांच्या बाळाची वार साधारण अर्ध्या किलोची असते. बाळासाठी नऊ महिने फुफ्फुस, मूत्रपिंड आणि आतडं या तिन्हींची कामं ती करते आणि बाळ बाहेर आल्यावर सहसा अर्ध्या तासात स्वतःही पडते. शास्त्रज्ञांना तिच्यात रस असण्याची कारणं सरळ आहेत. पेशी भरपूर मिळतात. त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत नाही की कुणाच्या हाडात सुई घालावी लागत नाही. बाळाच्या बाजूला जो पातळ, चकचकीत पडदा असतो, ज्याला ॲम्निऑन म्हणतात, त्याच्या पेशी गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांत वेगळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात बरीच लवचिकता शिल्लक राहते. शिवाय बाळ अर्धं बापाचं असतं, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबात अर्धं परकं. आईच्या प्रतिकारशक्तीने त्याच्यावर हल्ला करू नये ही व्यवस्था वारेकडे असते. तिच्या बऱ्याच पेशी म्हणूनच दुसऱ्याच माणसाला टोचल्या तरी फारसा उत्पात होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.

ब्रोशरवर चित्र असतं ते पेशी आत जाऊन नवं हृदय, नवी कूर्चा बांधत असल्याचं. प्रयोगांत बहुतेक वेळा दिसलं ते वेगळंच. टोचलेल्या पेशी काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतात. तेवढ्या काळात सूज उतरवणारी आणि रक्तवाहिन्यांना वाढायला मदत करणारी द्रव्यं सोडतात आणि नाहीशा होतात. मग त्या नातवंडाच्या होत्या की कुणा अनोळखी बाईच्या, याने काय फरक पडला?

आता प्रत्यक्ष प्रयोग बघा. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात डायना फार्मर या सर्जन आहेत. स्पायना बिफिडा म्हणजे गर्भातच पाठीचा कणा नीट न मिटणं. अशा बाळावर ते पोटात असतानाच शस्त्रक्रिया करायची आणि मज्जारज्जूवर वारेतल्या पेशी लावलेला एक पातळ पॅच बसवायचा, अशी त्यांची पद्धत. आधी मेंढीच्या गर्भांवर करून पाहिलं. उपचार झालेली कोकरं जन्मल्यावर आपल्या पायांवर चालली, हेच त्या कामाचं मोठं यश होतं. मग २०१७ मध्ये हाच दोष घेऊन जन्मलेल्या बुलडॉगच्या दोन पिल्लांवर केलं, त्यांच्यासाठी कुत्र्याच्याच वारेतल्या पेशी घेतल्या. माणसांमधल्या चाचणीतलं पहिलं बाळ २०२१ मध्ये जन्मलं. एवढ्या वर्षांच्या मेहनतीनंतर त्या चाचणीच्या पहिल्या टप्प्याचा प्रश्न एवढाच होता, की हे सुरक्षित आहे का?

आता बघा, त्या पेशी आल्या कुठून? दान केलेल्या वारांमधून. बाळ पोटात, त्याची वारही पोटात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वारेची वाट पाहणं शक्यच नव्हतं.

मेलबर्नचं उदाहरण याहून बोलकं आहे. अपुऱ्या दिवसांच्या सहा बाळांना, ज्यांची फुफ्फुसं नीट घडली नव्हती, ॲम्निऑनच्या पेशी शिरेतून दिल्या. २०१८ मध्ये त्याचा अहवाल आला. पहिल्याच बाळाला पेशी देताना श्वास आणि हृदयाची गडबड झाली, ती निस्तरली, मग पुढच्या बाळांसाठी देण्याची पद्धत आणि वेग बदलला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. उत्तम हॉस्पिटल, जगातले जाणकार, मॉनिटरवर खिळलेले डोळे, तरीही पहिल्या बाळाला त्रास झाला. आणि इकडे आपल्याकडे एखाद्या गाळ्यातल्या क्लिनिकात ‘साइड इफेक्ट काहीच नाही’ म्हणून सांगतात. मेलबर्नच्या पेशीही पूर्ण दिवस भरून, ठरवून सिझेरियन झालेल्या निरोगी बायकांनी दान केलेल्या वारांच्या होत्या.

अपयशंही सांगायला हवीत, ती ब्रोशरमध्ये येत नाहीत. इस्राएलमध्ये हैफाच्या एका कंपनीने वारेतल्या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवून औषध बनवलं. पायाचा रक्तपुरवठा तुटत चाललेल्या रुग्णांवरची त्यांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२० मध्ये मधल्याच पाहणीनंतर थांबवावी लागली. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवरची चाचणी २०२२ मध्ये मुख्य कसोटीवर उतरली नाही. याचा अर्थ पेशी निकामी आहेत असा मी काढत नाही. पण उंदराच्या पिंजऱ्यापासून औषधाच्या दुकानापर्यंतची वाट किती लांब आहे, ते यावरून कळतं. तिथेही रुग्णांना दिलं गेलं ते दात्यांच्या वारांपासून तयार केलेलं, तपासलेलं, डोस ठरवलेलं औषध. समजा उद्या यातलं काही यशस्वी झालंच, तर ते तुमच्या नातवंडाला बाटलीतून मिळेल, इतर औषधं मिळतात तसं. त्यासाठी तुम्ही आज वार गोठवलेली असणं ही अट कुठेच नाही.

वारेची आणखी एक गंमत सांगते, जी मला कुठल्याच प्रतिनिधीच्या तोंडून ऐकायला मिळालेली नाही. वारेची गर्भाशयाला चिकटलेली बाजू आईच्या पेशींची असते. प्रयोगशाळेत वारेचा तुकडा घेऊन पेशी वाढवल्या की पुष्कळदा त्यात आईच्या पेशीच वरचढ ठरतात, हे संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे नातवंडाच्या नावाने डबी आणि आत तुमच्या लेकीच्या पेशी, असं होऊ शकतं. ते तपासायची सोय असते, पण करतात का, हे विचारा.

आता कायद्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रकरणात तो बराचसा निकाल लावतो. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये स्टेम सेल संशोधनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्वच्छ म्हटलंय की परवानगी आणि परवाना आहे तो फक्त नाळेतलं रक्त साठवायला. नाळेचा तुकडा, वार, दात, मासिक पाळीचं रक्त असलं काहीही व्यावसायिक तत्त्वावर साठवायला पुढील आदेशापर्यंत मान्यता नाही. म्हणजे तुमच्या ‘कंप्लीट’ पॅकेजमधल्या तीनपैकी दोन गोष्टी विकायच्याच नव्हत्या. प्रतिनिधीला परवान्याची प्रत मागा आणि त्यावर वार लिहिलेली आहे का ते बोट ठेवून दाखवायला सांगा. ‘सर, ते कंपनीचं इंटरनल असतं’ असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

राहिलं नाळेतलं रक्त. याची गोष्ट वेगळी आहे, कारण हे विज्ञान पक्कं आहे. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेत रक्त नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या एका मुलाला नाळेतल्या रक्तावर वाचवलं, आणि त्यानंतर जगभर हजारो रुग्णांना ते दिलं गेलं. पण त्या मुलाला दिलेलं रक्त होतं त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं, त्याचं स्वतःचं नव्हे. स्वतःचं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता पहिल्या २० वर्षांत अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक, इतकी विरळ धरली जाते. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील तर स्वतःच्या नाळेतल्या रक्ताचा काही उपयोगच नाही, कारण दोष त्याही पेशींत आहे. छपाईची चूक असलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत आणण्यासारखं ते झालं. रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर सहसा दुसऱ्याच्या पेशी पसंत करतात. आणि एका बाळंतपणात मिळणारं रक्त असतं शंभरेक मिलीलिटरच्या आसपास. लहान मुलाला ते पुरतं, मोठ्या माणसाला बऱ्याचदा नाही. म्हणून ‘आजोबांनाही चालेल’ हे वाक्य तुम्ही विसरून जा. नातवंडाशी तुमची ऊतींची पूर्ण जुळणी होणं मुळात दुर्मीळ, त्यात प्रमाण अपुरं, आणि गुडघ्यासाठी तर ते रक्त आपल्याकडे मान्यच नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१८ मध्ये या खासगी साठवणुकीचा ‘जैविक विमा’ म्हणून प्रचार होऊ नये असं सांगितलं. आयसीएमआरनेही स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलंय. काही कंपन्या आता सामायिक साठ्याची योजना चालवतात, म्हणजे एकाने ठेवलं तर इतर सभासदांच्या साठ्यातूनही मिळू शकतं. एकट्याने डबी भरून ठेवण्यापेक्षा ते बरं, एवढं मी म्हणेन. पण करारात ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द कुठे आहे ते बघा.

एक नुकसान मात्र आजच, बाळ जन्मल्याच्या मिनिटात होऊ शकतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ बरं असेल तर नाळ लगेच बांधू नका, निदान एक मिनिट, शक्यतो तीन मिनिटांपर्यंत थांबा. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. आपल्याकडे तान्ह्या बाळांमध्ये ॲनिमिया किती आहे हे मी वेगळं सांगायला नको. साठवणुकीची पिशवी चांगली भरायची तर नाळ लवकर बांधण्याचा मोह होतो, कारण उशीर केला की पिशवीत कमी उतरतं. जे रक्त ७५ वर्षांनी कदाचित उपयोगी पडेल म्हणून तुम्ही गोठवायला निघालात, त्याचा खात्रीचा उपयोग त्या बाळाला त्याच वेळी आहे. दुसरं काही केलं नाही तरी डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवा.

आता तुमचे गुडघे. दीड लाखाला एक, म्हणजे दोन्हींचे तीन लाख. वारेतल्या पेशींचं गुडघ्यासाठी असं कुठलंही मंजूर औषध भारतात मला माहीत नाही. न्यायाने सांगायचं तर गुडघ्याच्या झिजेसाठी एक पेशी-औषध आपल्याकडे २०२२ मध्ये मंजूर झालंय. ते बंगळुरूच्या कंपनीचं, दात्यांच्या अस्थिमज्जेपासून केलेलं, वारेपासून नव्हे, आणि मध्यम झिजेसाठी आहे. हाड हाडाला टेकलं असेल तर त्याच्यासाठी नाही. क्लिनिकवाल्याने त्याचंच नाव घेऊन वारेचं काही टोचायचं ठरवलं असेल तर ती सरळ फसवणूक. ‘आमचं संशोधन चालू आहे’ म्हणत असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक मागा. ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर बघता येते. आणि नियम असा आहे की चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत, उलट इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. संशोधनही म्हणायचं आणि दीड लाखही घ्यायचे, असं दोन्हीकडून चालत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेतल्या रक्तापासून केलेली अशी बिनमंजुरीची इंजेक्शनं घेतलेल्या १२ जणांना गंभीर संसर्ग झाला, कुणाच्या सांध्यात, कुणाच्या मणक्यात. बाटलीतच जंतू होते.

गुडघ्यांसाठी माझा सल्ला कंटाळवाणा आहे. उभं राहून काढलेला एक्स-रे, त्यावर झीज कितव्या टप्प्याला आहे ते हाडांच्या डॉक्टरकडून लिहून घेणं, तीन महिने नेमाने फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर पाचसहा किलो कमी. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली, या आपल्या इंदुरी दिनक्रमात शेवटचं सगळ्यात कठीण, कल्पना आहे. झीज खूपच असेल तर सांधा बदलणं हा जुना, पारखलेला मार्ग आहे आणि त्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने २०१७ पासून मर्यादा घातली आहे.

काकूंकडे वळते. त्यांची बाजू पत्रात तुम्ही ‘जुने विचार’ म्हणून एका ओळीत संपवलीत. ज्या घरात नाळ-वार पुरली त्या घराशी नातं, ही भावना आपल्यात खोल आहे आणि तिला ८५ हजार लागत नाहीत. अडचण एवढीच की वार ही कायद्याने जैववैद्यकीय कचऱ्यात मोडते, २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते आणि तिची विल्हेवाट ही हॉस्पिटलची जबाबदारी असते. ते हातात देतीलच असं नाही. आधी विचारा. नाहीच म्हणाले तर बाळाची सुकून पडलेली नाळ आठवडा-दोन आठवड्यांत घरीच मिळणार आहे. तिच्यावर कुणाचा परवाना चालत नाही.

‘सोनं टाकून देता’ हे वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतं. वारेचा आजचा खराखुरा उपयोग पडद्याचा आहे. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून चालते. तिथे संमतीने घेतलेला, तपासलेला आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला ॲम्निऑन भाजलेल्या जखमांवर लावायला मिळतो. डोळ्यांच्या शस्त्रक्रियांतही तो वापरतात. हे सगळं दुसऱ्यासाठी दिलेल्या वारांवर चालतं. कुणी आपली वार आपल्याला म्हणून राखून ठेवलेली नसते.

आता जरा नाजूक. दोन पानी पत्रात लेकीच्या वाट्याला एक शब्द आलाय: ‘बघू’. संमतीपत्रावर सही तिची लागते, एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस यांसाठी रक्त तिचं तपासतात, नाळ कधी बांधायची हा प्रश्न तिच्या बाळाचा आहे. आठव्या महिन्यात वडील उत्साहाने पैसे भरून मोकळे झाले तर मुलगी ‘नको’ म्हणत नाही, ‘बघू’ म्हणते. तिला प्रतिनिधीशिवाय, घरात, निवांत विचारा. जावईबापूंनाही उंटावरून शेळ्या हाकू देऊ नका. निर्णय त्या दोघांचा आहे. तुम्ही त्यांना माहिती द्या आणि मागे व्हा. एवढं केलंत तर पुढे कुणाला तोंड दाखवायचा प्रश्न उरत नाही, काहीही ठरलं तरी.

आणि खर्च करायचाच आहे ना? बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड वगैरेची तपासणी होते, कानांची तपासणी होते. सगळीकडे ती आपोआप होत नाही, मागावी लागते. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या काही दिवसांत सापडली आणि औषध सुरू झालं तर मूल नीट वाढतं, उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम होतो. ‘इलाज हुकला’ ही तुमची भीती खरी ठरू शकते ती इथे, आणि उपाय ८५ हजारांच्या मानाने अगदी किरकोळ पैशांचा आहे. आरोग्य विम्यात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की ९० दिवसांनंतर, ते पॉलिसीत शोधा. जावयांना आणखी काही करायची इच्छा असेल तर दात्री या रक्त-स्टेम सेल दात्यांच्या नोंदणीत नाव घालता येतं, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं.

टोकनचे पाच हजार परत मागा, आणि फोनवर नव्हे, ईमेलने. ‘वार आणि नाळेचा तुकडा साठवण्याचा परवाना दाखवावा, अन्यथा रक्कम परत करावी’ एवढं एक वाक्य पुरे. टाळाटाळ झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. रक्त गोळा करायचं किट घरी आलं असेल तर उघडू नका.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. मुलाला ऑटिझम आहे म्हणून वारेच्या किंवा कसल्याही स्टेम सेलचे ‘सेशन’ कुणी सांगितले असतील, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच त्याविरुद्ध सांगितलेलं आहे. पैसे थेरपीवर घाला.

आणि ज्यांच्या घरी आधीच थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा रक्ताचा कर्करोग असलेलं मूल आहे आणि दुसरं येऊ घातलंय, त्यांनी वरचं सगळं स्वतःला लावून घेऊ नये. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते आणि तिथे नाळेतलं रक्त राखून ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. मात्र हे प्रतिनिधीला विचारून नव्हे, आजारी मुलाच्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारून ठरवा. इंदुरात एम.वाय. हॉस्पिटलमध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं सरकारी युनिट आहे, तिथून सुरुवात करता येईल. आपल्या भागात सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया आणि झाबुआ-अलीराजपूरकडे सिकलसेल बराच आढळतो, तेव्हा नवरा-बायको दोघांची वाहक तपासणी (स्वतःला आजार नसूनही त्याचा दोष अंगात आहे का, याची) शक्यतो गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करा. आणि नाळेतलं रक्त राखायचं ठरलं तर ती व्यवस्था नववा महिना लागायच्या आत लागलेली हवी, ऐन कळा सुरू झाल्यावर ती होत नाही.